लेख कुठे पाहिलात? ऑनलाइन डेटाबेसमधल्या लेखांचा संदर्भ देणे आणि शिकवणे

आजचा विषय कळल्यावर आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "अहो, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता स्वल्पविराम शिकवणार का?" त्यांचं अगदीच चुकलं असं नाही. संदर्भ कसा द्यावा हा विषय निघाला की आपल्याकडे तो स्वल्पविरामावरच येऊन थांबतो. आडनाव आधी की नाव आधी, साल कंसात की शेवटी, नियतकालिकाचं नाव तिरप्या अक्षरात की अवतरणात. आम्ही स्वतः पस्तीस वर्षे एम.ए. आणि पीएच.डी.च्या मुलांना हेच शिकवलं, आणि चुकलेल्या स्वल्पविरामाला गुणही कापले. आज त्याची थोडी लाज वाटते, कारण ज्याला गुण कापायला हवे होते ते आमच्या नजरेतून सुटत होतं. ते काय, हे सांगताना आम्हाला आमचीच एक चूक सांगावी लागणार आहे. पण ती जरा वेळाने.

समोर तरुण प्राध्यापक आहेत, ग्रंथपाल आहेत, संशोधक विद्यार्थी आहेत, आणि पुष्कळजण घरून ऐकत आहेत. प्रश्न तुम्हा सगळ्यांचा आहे. विद्यार्थी जेस्टोरवरून, प्रोजेक्ट म्यूझवरून, शोधगंगेवरून काहीतरी उतरवून घेतो, वाचतो, आणि मग विचारतो, "सर, याचा संदर्भ कसा द्यायचा?" आपण त्याला एक नमुना देतो. तो नमुन्याबरहुकूम भरतो. ओळ दिसायला सुंदर होते आणि तरीही कधीकधी ती ओळ खोटी असते. हे कसं होतं ते आधी पाहू.

संदर्भ द्यायचाच कशाला? चोरीचा आळ येऊ नये म्हणून, असं मुलं सांगतात. हे उत्तर आपणच त्यांना शिकवलंय. न्यायदर्शनात चार प्रमाणं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे विश्वासार्ह माणसाचं सांगणं, आप्ताचं वचन. आता बघा, आपल्याला जे जे म्हणून ठाऊक आहे त्यातलं प्रत्यक्ष पाहिलेलं किती? फार थोडं. बाकी सगळं कुणीतरी सांगितलेलं. मग सांगणारा आप्त आहे की नाही हे तपासायला काहीतरी सोय हवी. संदर्भ ही ती सोय. "मी म्हणतो म्हणून ऐका" असं न म्हणता "अमुक ठिकाणी जा आणि स्वतः बघा" असं म्हणणं. म्हणजे संदर्भाची ओळ ही वाचकाला दिलेली वाट असते. वाट बरोबर असेल तर वाचक पोचतो, नसेल तर पोचत नाही. एवढी एकच कसोटी धरून आपण पुढे जाऊ.

आमच्या विद्यार्थिदशेत ही वाट आपोआप कळायची. ग्रंथालयात नियतकालिकांचे बांधीव खंड असायचे, जाडजूड, कातडी पाठीचे. लेख वाचायचा तर खंड कपाटातून काढावाच लागे. पाठीवर नाव, खंड क्रमांक, साल. उघडला की अंकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, मग लेख. लेखापर्यंत जाताना त्याचा सगळा पत्ता हाताखालून जायचा. खोलीत झेरॉक्स मशीन आलं तेव्हा पहिली अडचण झाली. लेखाची पानं हातात, पत्ता खंडातच राहिला. आम्ही मुलांना सांगायचो, पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खंड आणि साल लिहा. कुणी लिहायचे, कुणी नाही.

डेटाबेसने हेच फार मोठ्या प्रमाणावर केलं. जेस्टोर १९९५ साली सुरू झालं तेच मुळी जुन्या अंकांनी ग्रंथालयांच्या फळ्या भरून गेल्या होत्या म्हणून. अंक स्कॅन करा, जागा वाचवा. उत्तम काम झालं, आमच्यासारख्यांवर तर उपकारच आहेत. पण आजच्या विद्यार्थ्याने बांधीव खंड कधी हातात धरलेलाच नाही. त्याने शोधखिडकीत शब्द टाकले, यादी आली, टिचकी मारली, पीडीएफ आली. त्याच्या दृष्टीने लेख "जेस्टोरमध्ये" आहे. म्हणून तो लिहितो: जेस्टोर, २०२४. लेखक जेस्टोर, साल उतरवून घेतल्याचं! हसू नका, आम्ही प्रबंधाच्या मसुद्यात हे पाहिलंय. शोधगंगेला लेखक केलेलंही पाहिलंय.

तर शिकवण्याची पहिली पायरी ही: डेटाबेस म्हणजे कपाट. कपाटाला कुणी लेखक म्हणत नाही. बांधीव खंडाच्या काळात "गोदरेजच्या चौथ्या कपाटात वाचले" असं आपण तळटिपेत लिहीत नव्हतो. मग डेटाबेसचं नाव लिहायचंच नाही का? इथे विद्यार्थी गोंधळतो, कारण नियमावल्यांतच एकमत नाही. अमेरिकेच्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची, म्हणजे एमएलएची पद्धत २०१६ च्या आवृत्तीपासून लेखाकडे डब्यातल्या डब्यासारखी बघते. लेख नियतकालिकात, नियतकालिक डेटाबेसमध्ये, दोन्ही डब्यांची नावं लिहा. मानसशास्त्रज्ञांची एपीए पद्धत, २०१९ ची सातवी आवृत्ती, म्हणते की सर्वसाधारण लेखाला डेटाबेसचं नाव नको, कारण तोच लेख दहा डेटाबेसमध्ये मिळतो. दुसरीकडे कुठेच मिळत नसेल तरच लिहा. मुलांना वाटतं ही दोन धर्मपीठांची भांडणं आहेत. तसं नाही. भांडण एका खऱ्या प्रश्नावर आहे: कपाट बदललं तर वस्तू बदलते का?

पोथ्यांचा विचार करा. भांडारकर संस्थेतली पोथी वापरली तर संस्थेचं नाव आणि पोथीचा क्रमांक लिहावाच लागतो. का? कारण प्रत्येक पोथी निराळी, पाठभेद असतात, दुसऱ्या कपाटातली पोथी ही नव्हे. छापील अंकाचं तसं नसतं, हजार प्रती सारख्याच. डेटाबेसमधला लेख या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येतो. स्कॅन केलेला जुना अंक असेल तर तो छापील प्रतीचा फोटोच. पण लेखकाने स्वतःच्या पानावर टाकलेला मसुदा असेल, छापण्याआधीची प्रत असेल, तर ती निराळी पोथी आहे, आणि कोणती प्रत वापरली हे सांगणं भाग आहे. शोधगंगेवरचा प्रबंध दुसरीकडे छापलेलाच नसतो, तिथे शोधगंगेचं नाव हवंच. हे कारण समजलं की विद्यार्थ्याला नियमावली पाठ करावी लागत नाही. विद्यापीठ जी पद्धत सांगेल ती वापरा. आम्हाला वैयक्तिक विचाराल तर कोणतीही चालते, फक्त एकाच प्रबंधात तीन नकोत.

आता एक प्रात्यक्षिक सांगतो, ते आम्ही निवृत्तीनंतरच्या कार्यशाळांत करून घेतो. तत्त्वज्ञानातला एक अतिशय गाजलेला आणि अतिशय छोटा लेख आहे, एडमंड गेटिअर यांचा. 'इज जस्टिफाइड ट्रू बिलीफ नॉलेज?' 'अॅनालिसिस' या नियतकालिकात जून १९६३ मध्ये आला, खंड २३, अंक ६, पानं १२१ ते १२३. तीन पानं! या तीन पानांवर गेली साठ वर्षं लोक लिहिताहेत. सत्य असलेलं आणि समर्थन असलेलं मत म्हणजे ज्ञान, ही समजूत गेटिअर यांनी दोन उदाहरणांनी हलवली. माणसाचं मत खरं असतं, त्याला आधारही असतो, पण ते खरं ठरतं ते निव्वळ योगायोगाने.

ही पीडीएफ जेस्टोरवरून उतरवली की चार पानं येतात. पहिलं पान जेस्टोरने लावलेलं, त्यावर लेखाची माहिती. आम्ही मुलांना ते पान देतो आणि म्हणतो, यातून संदर्भ तयार करा. निम्म्या वर्गाच्या हमखास तीन चुका होतात.

पहिली, तारीख. त्या पानावर दोन तारखा असतात, एक अंकाची आणि एक तुम्ही लेख उतरवल्याची. दुसरी ताजी, म्हणून तीच उचलली जाते.

दुसरी, पान क्रमांक. मुलगा संगणकाच्या पडद्यावर बघतो, तिथे "४ पैकी २" दिसतं. तो लिहितो, पान २. पण ते अंकाचं १२१ वं पान आहे. उद्या कुणी छापील अंक उघडून दुसरं पान बघेल तर तिथे भलताच लेख. बरं, पीडीएफच्या त्याच पानावर कोपऱ्यात १२१ छापलेलं असतं. नजर तिकडे जात नाही, कारण बघायला कुणी सांगितलेलंच नसतं.

तिसरी चूक जरा सूक्ष्म आहे. त्या पानावर प्रकाशक म्हणून ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस आहे. मुलं लिहितात, ऑक्सफर्ड, १९६३. पण १९६३ साली 'अॅनालिसिस' काढायचे ब्लॅकवेल. ऑक्सफर्ड हा आजचा प्रकाशक. नियतकालिकातल्या लेखाला प्रकाशक लिहायची गरजच नसते हे खरं, पण मुद्दा असा की मुखपान आजचं आहे आणि लेख तेव्हाचा आहे. हे दोन काळ एकाच कागदावर येतात, ते निराळे करायला शिकवलं पाहिजे.

असंच एक देशी उदाहरण घेतो. गोपाळ गुरू यांचा 'हाउ इगॅलिटेरियन आर द सोशल सायन्सेस इन इंडिया?' हा लेख 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये डिसेंबर २००२ मध्ये आला. खंड ३७, अंक ५०, पानं ५००३ ते ५००९. एका विद्यार्थ्याने आमच्याकडे दिलेल्या निबंधात ही पानं "५० ते ५९" अशी केली होती. विचारलं तर म्हणाला, "सर, साप्ताहिकाला पाच हजार पानं कशी असतील? छपाईची चूक असणार, म्हणून दुरुस्त केली." त्याचा तर्क वाईट नव्हता. त्याला ठाऊक नव्हतं ते इतकंच की तेव्हा या साप्ताहिकाचे पान क्रमांक वर्षभर सलग चालत. जानेवारीत एकपासून सुरुवात, डिसेंबरात पाच हजारावर. वर्षाअखेर सगळे अंक बांधून एक खंड व्हायचा, म्हणून ही पद्धत. ज्याने बांधीव खंड पाहिलेला नाही त्याला हे कसं कळावं? दोष त्याचा कमी, आमचा जास्त.

शिवाय या लेखातलं विवेचन पुढे गुरू आणि सुंदर सारुक्काई यांच्या 'द क्रॅक्ड मिरर' या २०१२ च्या पुस्तकात आलं आहे. विद्यार्थी पुस्तकातलं वाचतो आणि संदर्भ साप्ताहिकाचा देतो, कारण "मूळ" दिलेलं बरं दिसतं. बरं दिसतं खरं, पण जे वाचलं नाही ते वाचल्याचं सांगितलं जातं. ही गोष्ट लक्षात ठेवा, परत येऊ.

लिंकविषयी थोडक्यात सांगतो, कारण हे ग्रंथपाल आमच्यापेक्षा चांगलं सांगतील. विद्यार्थी ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता जसाच्या तसा चिकटवतो. तो बहुधा विद्यापीठाच्या लॉगिनमधून तयार झालेला, चार ओळींचा पत्ता असतो. त्याच्या स्वतःच्या संगणकावर उघडतो, परीक्षकाच्या घरी उघडत नाही. म्हणून त्या पट्टीकडे बघायचंच नाही. लेखाच्या पानावर कायमची लिंक वेगळी दिलेली असते. आणि डीओआय असेल तर तो सगळ्यांत उत्तम. डीओआय म्हणजे लेखाचा स्वतःचा क्रमांक, १० ने सुरू होतो, मग एक ठिपका आणि नोंदणी करणाऱ्याचा आकडा, मग तिरपी रेघ, मग लेखाची खूण. नियतकालिक उद्या दुसऱ्या प्रकाशकाकडे गेलं, संकेतस्थळ बदललं, तरी क्रमांक तोच राहतो. नव्या पत्त्याची नोंद तेवढी प्रकाशकाने ठेवायची. गेटिअर यांच्या लेखाच्या क्रमांकाचं शेपूट गंमतीचं आहे: २३.६.१२१. खंड, अंक, पान! सगळ्या क्रमांकांत असा अर्थ शोधू नका, बहुतेकांत काही नसतो. शोधगंगेवरच्या प्रबंधालाही असाच कायमचा क्रमांक असतो, १०६०३ ने सुरू होणारा.

आणि ते "साइट" नावाचं बटण. दाबलं की तयार संदर्भ येतो. आम्ही त्याच्या विरुद्ध नाही, हात दुखायचे वाचतात. पण ते बटण डेटाबेसमध्ये कुणीतरी भरलेली माहिती ओकतं. भरणाऱ्याला आपली नावं कळतातच असं नाही. वडिलांचं नाव आडनाव होतं, आद्याक्षरं उलटीपालटी होतात, "डॉ." हे कुणाचंतरी पहिलं नाव होऊन बसतं. बटणाचं पीक घ्या, पण पाखडून घ्या.

आता कबूल केलेली गोष्ट. १९८० च्या दशकात आम्ही एका मराठी नियतकालिकात जातिसंस्थेच्या उपपत्तींवर लेख लिहिला. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधाचा आधार होता. बाबासाहेबांनी हा निबंध ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला आणि पुढल्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. आमची तळटीप होती: इंडियन अँटिक्वेरी, खंड ४१, मे १९१७. लेख बरा झाला होता. दोन-तीन जणांनी त्यावरून आपल्या लेखांत तीच तळटीप घेतली. आम्ही सुखावलो.

पंचवीसेक वर्षांनी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला. इंटरनेट आर्काइव्हवर 'इंडियन अँटिक्वेरी'चे जुने खंड स्कॅन करून ठेवलेले आहेत. त्याने खंड ४१ उघडला होता. म्हणाला, "सर, हा तर १९१२ चा निघाला. निबंध यात नाही." आम्ही म्हटलं, नीट बघ. तो म्हणाला, "पहिला खंड १८७२ चा आहे, दरवर्षी एक. १९१७ ला ४६ येतो." कागद घेऊन मोजलं. १८७२ ला एक, १९१७ ला शेहेचाळीस. बरोबर होतं पोराचं.

चूक कशी झाली ते मग उमगलं. रोमन आकड्यांत ४६ लिहिताना एक्स, एल, व्ही, आय अशी चार अक्षरं येतात. ४१ ला एक्स, एल, आय. कधीतरी कुठेतरी मधला व्ही गळला आणि ४६ चे ४१ झाले. आजही हा ४१ तुम्हाला पुष्कळ ठिकाणी सापडेल, शोधून बघा. आम्ही तो एका पुनर्मुद्रणावरून उचलला होता. निबंध आम्ही वाचला होता, चांगला दोनदा वाचला होता, पण त्या पुनर्मुद्रणात. 'इंडियन अँटिक्वेरी'चा खंड डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. तरी तळटीप अशी लिहिली की वाचणाऱ्याला वाटावं, गृहस्थ जुने खंड चाळून आले आहेत.

गळलेल्या अक्षराने पकडलं आम्हाला. डोंगरावर धूर दिसला की अग्नीचं अनुमान करतात, तसं हे छपाईचं भूत दिसलं की उसनवारीचं अनुमान करता येतं. हे आमचं डोकं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी २००३ साली यावर एक छोटा लेख लिहिला. त्यांनी भौतिकशास्त्रातला एक गाजलेला लेख घेतला, ज्याचे सुमारे ४३०० संदर्भ दिले गेले होते. त्यांपैकी १९६ संदर्भांत चुका होत्या. पण वेगवेगळ्या चुका मोजल्या तर फक्त ४५. पानाच्या आकड्यातली एक चूक तर तशीच्या तशी ७८ वेळा आली होती. अठ्ठ्याहत्तर माणसं स्वतंत्रपणे एकच चूक करतील का? एकाने केली, बाकीच्यांनी उतरवली. यावरून त्यांनी अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्यांपैकी साधारण वीस टक्केच मूळ लेख वाचत असावेत.

या अंदाजाशी आमचं थोडं भांडण आहे, तेही आमच्याच उदाहरणामुळे. नैयायिक म्हणतील, हेतू सव्यभिचार आहे. संदर्भ उतरवला म्हणजे लेख वाचलाच नाही असं सिद्ध होत नाही. वाचून, मग आळसाने संदर्भाची ओळ दुसरीकडून उचलता येते. आम्ही तेच केलं होतं. तेव्हा धुरावरून "वाचलं नाही" असं म्हणता येत नाही, "ती प्रत पाहिली नाही" एवढं म्हणता येतं. पण आपल्याला तेवढंच पुरे आहे. जी प्रत हातात होती ती लिहायची. आम्ही पुनर्मुद्रणाचं नाव, साल आणि पान लिहायला हवं होतं, आणि मूळ प्रकाशन अमुक ठिकाणी असं त्या पुनर्मुद्रणाच्या हवाल्याने पुढे जोडायला हवं होतं. मग ४१ ची चूक आमची झाली नसती, आणि वाचकालाही कुठे चौकशी करायची ते कळलं असतं.

समजा त्या पुनर्मुद्रणात ४६ बरोबर छापलेलं असतं, तर? आमची तळटीप बरोबर ठरली असती. तरी ते आम्हाला ठाऊक होतं असं म्हणता आलं असतं का? हा सरळ गेटिअर यांचाच प्रश्न आहे. (हशा)

हे सगळं आम्ही इतकं ताणून का सांगतो? विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविरोधी नियम तुम्हाला ठाऊक आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, पुढे चढत्या श्रेणीने शिक्षा. सगळी धावपळ त्या टक्क्यांची. पण साम्य मोजताना संदर्भसूची वगळली जाते. वगळायलाच हवी, कारण सूची सगळ्यांची सारखीच असणार. परिणाम असा की प्रबंधातला हाच एक भाग आहे जो कोणतंही यंत्र तपासत नाही. गाईड तपासतो का? खरं सांगा. परीक्षक आपलं स्वतःचं नाव सूचीत आहे का ते तेवढं बघतो. (हशा)

आणि आता तर यंत्रं संदर्भ रचूनही देतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड झाला, कारण त्यांच्या निवेदनातले खटले चॅटजीपीटीने रचलेले होते. पक्षकारांची नावं होती, क्रमांक होते, खटले नव्हते. आमच्या वर्गात येणारे बनावट संदर्भ याच जातीचे. लेखक खरा, नियतकालिक खरं, लेखाचं नाव अगदी शोभेसं, आणि असा लेख जगात कुठेही नाही. स्वल्पविराम मात्र सगळे जागच्या जागी! ज्या गोष्टीला आम्ही गुण देत होतो ती यंत्राला बिनचूक येते.

म्हणून मूल्यमापन बदला. आमच्या कार्यशाळेत आम्ही सूचींची अदलाबदल करतो. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या सूचीतले पाच संदर्भ घ्यायचे आणि ते शोधून उघडून दाखवायचे. मूळ लेखकाला काही विचारायचं नाही. पाचपैकी किती सापडले तेवढे गुण, आणि गुण सूची लिहिणाऱ्याला मिळतात, शोधणाऱ्याला नाही. पहिल्या दिवशी वर्गात कल्लोळ होतो. "अहो, ही लिंक लॉगिन मागतेय", "या खंडात हा लेखच नाही". दुसऱ्या दिवशी सूच्या आपोआप सुधारतात. कुठलीही नियमावली न वाचता!

याच कार्यशाळेत एकदा तालुक्याच्या गावाहून आलेली एक मुलगी तास संपल्यावर थांबली. तिच्या सूचीतले पाचपैकी तीन लेख सापडले होते, म्हणजे ते अस्तित्वात होते. ती म्हणाली, "सर, सापडले, पण मी ते वाचलेले नाहीत. आमच्या कॉलेजला हा डेटाबेस नाही. एका लेखासाठी तीस-चाळीस डॉलर मागतात. मी दुसऱ्या एका पुस्तकात त्यांच्याबद्दल वाचलं आणि लिहिलं. सूची छोटी दिसली तर गाईड रागावतात." डोळ्यांत पाणी होतं. खोटं बोलायची तिची इच्छा नव्हती, खरं कसं लिहायचं हे तिला कुणी दाखवलं नव्हतं.

खरं लिहायची पद्धत आहे आणि ती जुनी आहे. मजकुरात मूळ लेखकाचं नाव घ्या, आणि कंसात लिहा: अमुक यांच्या अमुक पुस्तकात, पान अमुक, उद्धृत. सूचीत फक्त ते पुस्तक टाका, जे हातात होतं. सूची छोटी होईल. होऊ द्या. आम्ही तिच्या गाईडना फोन केला. ते आमचेच जुने विद्यार्थी निघाले, म्हणजे सूचीच्या लांबीचं वेड त्यांना कुठून लागलं हे वेगळं सांगायला नको.

आता 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, सुमारे तेरा हजार नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांसाठी. याने खूप फरक पडेल. तरी सगळ्यांच्या हाताला सगळं लागेल असा दिवस आलेला नाही, आणि तोवर "उद्धृत" हा शब्द मुलांना विनासंकोच वापरता आला पाहिजे. काही मार्गही दाखवा. लेखकाने मोकळा ठेवलेला मसुदा बहुधा मिळतो, तत्त्वज्ञानात फिलपेपर्सवर पुष्कळ सापडतं. लेखकाला पत्र लिहिलं तर बहुतेकजण लेख पाठवतात. फक्त जी प्रत वाचली तीच लिहायची, मसुदा तर मसुदा.

एक प्रश्न आलाय, घरून ऐकणाऱ्या एका बाईंचा. "जुन्या मराठी मासिकांचे स्कॅन मिळतात, पण पान क्रमांक कापले गेलेले असतात, कधी मुखपृष्ठच नसतं. तिथे काय करायचं?"

चांगला प्रश्न आहे, कारण मराठीची अडचण वेगळी आहे. वाईचं 'नवभारत' घ्या किंवा कुठलंही जुनं मासिक, या लेखांना डीओआय नाही आणि कपाटाने लावलेलं मुखपानही नाही. तेव्हा बाई, असं करा. आधी त्याच फाइलमध्ये पुढेमागे जा. दहा पानांवर कुठेतरी आकडा शिल्लक असतो, तिथून मोजत या, आणि तो आकडा चौकोनी कंसात घाला, म्हणजे तो तुम्ही मोजलेला आहे हे कळेल. अंकाचा महिना मिळत नसेल तर संपादकीय, जाहिराती, वर्गणीची सूचना बघा, तारखा तिथे सापडतात. शक असेल तर शकच लिहा आणि पुढे इसवी सन जोडा, पण जपून, कारण शकाचं वर्ष मार्च-एप्रिलात बदलतं. मिळवायचे ७८ की ७९ हे महिन्यावर ठरतं. लेखकाचं नाव अंकात जसं छापलंय तसं, देवनागरीतच. इंग्रजी प्रबंध असेल तर रोमन लिप्यंतर आधी द्या, पण देवनागरी काढून टाकू नका, कारण पुढच्या माणसाला सूचीत ते देवनागरीतच शोधावं लागणार आहे. आणि स्कॅन कुठल्या ग्रंथालयाच्या प्रतीवरून केलंय त्याचा शिक्का बहुधा पहिल्या किंवा शेवटच्या पानावर असतो. तो वाचता आला तर त्या ग्रंथालयाला एक फोन करा. तिथे कुणीतरी कपाट उघडून पान बघून सांगतं, आमचा असा अनुभव आहे. सकाळी अकरानंतर करा, आधी कुणी उचलत नाही.